आईची अंगठी आणि बहिणीची सही

आमच्या समाजात एक वाक्य फार गोड आवाजात बोललं जातं. आई जाते, चाळीसावा होतो, पाहुणे पांगतात, आणि मग भाऊ बहिणीच्या हातात आईची एखादी वस्तू ठेवून म्हणतो, "अम्मी की निशानी है आपा, तुमीच रखो." बहिणीचे डोळे भरून येतात. आठ-पंधरा दिवसांनी तोच भाऊ फोन करतो, की दुय्यम निबंधक कार्यालयात जरा यायचंय, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन ये. निशाणी आणि सही यांच्यामध्ये जे पंधरा दिवस असतात, त्यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

बोलायचं आहे ते भावांशी, पण बहिणींनीही वाचावं. बिगरमुस्लीम वाचक असतील त्यांनी "बघा, यांच्यात असं चालतं" म्हणून लगेच खूश होऊ नये. त्यांच्या घराकडे मी शेवटी येणारच आहे.

कुराणात एका सूरेचं नावच 'निसा' आहे, म्हणजे स्त्रिया. त्या सूरेची सातवी आयत सांगते की आईबाप आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा बायकांचाही आहे. मालमत्ता थोडी असो नाही तर पुष्कळ, हिस्सा ठरलेला आहे. अकराव्या आयतीत मुलाला दोन मुलींएवढा वाटा सांगितला. हा अर्धा का, पूर्ण का नाही, यावर वाद घालायला मी तयार आहे, पण आज नाही. आज माझं म्हणणं फार साधं आहे. जो अर्धा सांगितला, तो तरी कुठे आहे? वाटण्या सांगून झाल्यावर लगेच तेराव्या आणि चौदाव्या आयतीत या अल्लाहने घातलेल्या सीमा आहेत असं म्हटलंय आणि त्या ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिलाय. दाढीची लांबी आणि पायजम्याची उंची यावर तासभर बोलणारे आमचे लोक या दोन आयतींपाशी आले की त्यांना एकदम खोकला येतो.

आता अंगठीची गोष्ट. ही माझ्या ओळखीच्या घरातली आहे, नावं सांगणार नाही. घर कराड तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. वडील आधी गेले, आई गेल्या वर्षी. मागे एक मुलगा आणि दोन मुली. थोरली मिरजेला दिलेली, धाकटी साताऱ्यात. शेत चार एकर, सगळं ऊसाचं. शिवाय गावातलं घर. आणि आईची एक अंगठी.

ही अंगठी मी हातात घेऊन बघितली आहे. पांढऱ्या धातूची, वजनाला तिच्या आकाराच्या मानाने चांगलीच जड. मधोमध एक मोती, दोन्ही बाजूंना दोन लहान मोती, आणि त्यांच्याभोवती बारीक हिरे. हिरे आजच्यासारखे लखलखणारे नाहीत. जुन्या हाती पैलूंचे आहेत, दिव्याखाली धरले तर आतून उजेड पेटल्यासारखे दिसतात. कडेला मोहरीहूनही बारीक दाण्यांची ओळ. जाळीचं काम इतकं नाजूक की सोन्यात केलं असतं तर वाकून गेलं असतं. आईच्या आईला तिच्या लग्नात मिळालेली ही अंगठी. तिचे वडील पाचगणीला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर खानसामा होते आणि त्या घरच्या बाईने स्वतःच्या बोटातली काढून दिली, असं घरात सांगतात. आई ती फक्त ईदला घालायची. एरवी अत्तराच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून ठेवलेली असायची.

घरात सगळे तिला चांदीचीच समजत होते. साताऱ्यातल्या एका सराफाने ती बघून सांगितलं होतं, चांदी आहे, मोती-दगड काढून देतो आणि वजनावर भाव धरतो. म्हणजे आले असते काही शे रुपये. भावाने ती थोरल्या बहिणीला दिली. धाकटीला आईची शिलाई मशीन दिली. आणि पंधरा दिवसांनी फोन आला. थोरलीने सही केली.

त्या दस्तात काय लिहिलंय ते मी वाचलं. मी राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता माझा सर्व हक्क, हिस्सा व हितसंबंध कायमचा सोडून देत आहे. कोणताही मोबदला न घेता! म्हणजे अंगठीचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. नातेवाइकांत सांगताना "आपाला अंगठी दिली" आणि सरकारी कागदावर "काही घेतलं नाही". दोन्हीकडून मोकळा.

हिशेब करू. मला हिशेब आवडतो, भावनेपेक्षा जास्त. वडील वारले तेव्हा आई हयात होती. चार एकर म्हणजे एकशे साठ गुंठे. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे वीस गुंठे. उरले एकशे चाळीस. मुलाला सत्तर, मुलींना पस्तीस-पस्तीस. मग आई गेली. तिच्या वीस गुंठ्यांतले मुलाला दहा आणि मुलींना पाच-पाच. बेरीज केली की मुलाला ऐंशी गुंठे आणि प्रत्येक मुलीला चाळीस. पूर्ण एक एकर. कृष्णाकाठच्या बागायती एकराचा भाव काय आहे तो कराडमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. घराचा हिस्सा मी अजून धरलेलाच नाही.

आणि अंगठी? ती वडिलांची नव्हतीच. ती आईची स्वतःची, तिच्या माहेरून आलेली. तिच्यात मुलाचा अर्धा आणि दोन्ही मुलींचा पाव-पाव वाटा आपोआप होता. म्हणजे भावाने बहिणीला जी वस्तू "दिली" तिच्यातला पाव भाग आधीच तिचा होता आणि पाव भाग तिच्या धाकट्या बहिणीचा. धाकटीला विचारलं कोणी? शिलाई मशीनचंही तेच. तिचीच वस्तू तिला देऊन उपकार दाखवायचे आणि बदल्यात वडिलांच्या जमिनीवरची सही घ्यायची. बाजारात कोणी असा व्यवहार केला तर आपण त्याला काय म्हणतो ते सांगायला नको.

पण खरी गोष्ट यापुढे आहे.

सांगली जिल्ह्यातले विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातले खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातले लोक सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर गेलेले आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत जा, जुने दागिने आटवून शुद्ध सोनं काढणारा माणूस मराठी बोलताना सापडेल. पाऊस पडला नाही म्हणून घर सोडलेली ही माणसं. त्यांच्यावर कोणी तरी मोठं पुस्तक लिहायला हवं. तर असाच एक गलाई बांधव यात्रेसाठी गावी आला होता. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या ओळखीचा. सहज म्हणून त्याला अंगठी दाखवली. त्याने ती हातावर तोलली आणि हसला. म्हणाला, "ताई, ही आमच्या भट्टीत वितळायची नाही."

चांदी ९६२ अंशांवर वितळते, सोनं १०६४ अंशांवर. प्लॅटिनमला १७६८ अंश सेल्सिअस लागतात. चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळते. प्लॅटिनम नुसत्या तेजाबाला दाद देत नाही. शिवाय त्याच आकाराच्या चांदीपेक्षा ते दुपटीने जड असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या जवाहिऱ्यांना हा धातू कामात आणता आला आणि हिऱ्या-मोत्यांचे दागिने त्यात घडू लागले, कारण तो इतका बळकट की तारेसारखा बारीक काढला तरी खडा सोडत नाही. आपले संस्थानिक पॅरिसला जाऊन आपली रत्नं याच धातूत बसवून आणत. मुंबईच्या श्रीमंत पारशी घरांतही हे दागिने आले. तेव्हा खानसाम्याच्या मुलीच्या बोटात तशी अंगठी येणं नवलाचं असलं तरी अशक्य नाही.

मोती मुंबईत तपासले. क्ष-किरणात दिसलं की ते नैसर्गिक आहेत. आजच्या वाचकाला मोती म्हणजे शेततळ्यातल्यासारखा पिकवलेला मोती. पण जपानच्या मिकिमोतोंचे पिकवलेले गोल मोती बाजारात यायच्या आधी मोती म्हणजे आखातातून पाणबुड्यांनी जीव धोक्यात घालून काढलेला बसऱ्याचा मोती, आणि त्याची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. त्या काळी त्याची किंमत काय होती? १९१७ साली कार्तिए या जवाहिऱ्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली मिळवली ती मोत्यांची एक दुपदरी माळ आणि वर शंभर डॉलर देऊन. माळेची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. पुढे १९२९ ची मंदी आली, जपानी मोती आले आणि तो बाजार कोसळला. पण खरा जुना मोती आता इतका दुर्मीळ झालाय की जाणकार त्याला आजही भाव देतात.

बातमी कराडला पोहोचायला दोन दिवस लागले. आणि मग भावाचा सूर बदलला. "वो घर की चीज है आपा. बहू के पास रहना."

बघा कशी जादू आहे. अंगठी चांदीची होती तेव्हा ती आईची निशाणी होती आणि बहिणीची होती. प्लॅटिनमची निघाल्यावर ती घराण्याची झाली आणि सुनेची झाली. धातू तोच, मोती तेच, आईसुद्धा तीच. मला या एका वाक्यात सगळा वारसा हक्काचा प्रश्न दिसतो. आपल्याकडे बहिणीचा वाटा म्हणजे ज्याला किंमत नाही ते. किंमत कळली की तो तिचा वाटा उरत नाही.

आणि हा 'घराण्याची वस्तू' शब्द कुठून आला? इस्लामी वारसा कायद्यात घराणं नावाचा कोणी वारस नाही. तिथे माणसं वारस असतात. मुलगा, मुलगी, पत्नी, पती, आई, बाप. सून तर सासूची वारसच नाही. आई स्वतःच्या हयातीत सुनेला बक्षीस देऊ शकली असती, तिने दिलं नाही. घराणं, खानदान, पिढीजात हे शब्द आपण आजूबाजूच्या पाटीलकीतून उचलले आणि त्यावर टोपी घातली.

भावांचे युक्तिवाद मला पाठ आहेत. पहिला नेहमीचा, लग्नात खर्च केला की! अहो, वारसा हक्क मृत्यूच्या क्षणी जन्माला येतो. बापाने हयातीत मुलीला जे दिलं ती भेट. ती वाट्यातून वजा होत नाही. तुमच्या शिक्षणाला, तुमच्या दुकानाच्या पागडीला, तुमच्या स्वतःच्या लग्नातल्या मंडपाला बापाने जे घातलं ते कुणी वजा केलंय का? आणि लग्नातला तो खर्च कुणासाठी होता? पाचशे माणसांची बिर्याणी बहिणीने एकटीने खाल्ली नव्हती.

इथे एक आडवळण घेते, कारण विषय प्लॅटिनमचाच आहे. पुरुषांना सोनं घालणं हराम आहे, हे आपल्या मुलांना चांगलं माहीत आहे. म्हणून हल्ली नवऱ्या मुलासाठी प्लॅटिनमची अंगठी मागतात. 'पांढरं सोनं' नको हं, ते सोनंच असतं, प्लॅटिनमच पाहिजे, असं मौलानांना विचारून, खात्री करून मागतात. मागतात कुणाकडे? मुलीच्या बापाकडे. महर द्यायची आहे मुलाने, तीही निसाच्या चौथ्या आयतीत सांगितल्याप्रमाणे खुशीने. ती लिहितात अकराशे किंवा पाच हजार, आणि तीही उधार. मुलीकडून घेतलेली अंगठी मात्र रोख. धातू हलाल आहे की नाही याची इतकी काळजी करणारा माणूस ती ज्या मार्गाने आली त्याची काळजी का करत नाही?

असो. दुसरा युक्तिवाद जरा शिकलेले लोक करतात. ते म्हणतात, फिकहमध्ये 'तखारुज' आहे. म्हणजे एखाद्या वारसाने ठरावीक वस्तू घेऊन वाटणीतून बाहेर पडायचं. आहे, हनफी फिकहमध्ये आहे आणि आपण सातारा-सांगलीकडचे बहुतेक हनफी आहोत, तेव्हा चालेल. पण मग पूर्ण वाचा. ती एक तडजोड आहे, तिला दोन्ही बाजूंची संमती लागते. त्याच फकीहांनी इतकी बारकाई केली आहे की मालमत्तेत सोनंही आहे आणि बाहेर पडणाऱ्याला सोनंच द्यायचं असेल, तर ते त्याच्या सोन्यातल्या वाट्यापेक्षा जास्त असलं पाहिजे, नाही तर व्याजाचा दोष लागतो. ज्यांनी गुंजेचा हिशेब केला त्यांच्या नावावर तुम्ही एकराचा हिशेब गिळणार? ज्या बहिणीला सातबारा कधी दाखवला नाही, तिची संमती कशाची? आणि तुमचा दस्त तर म्हणतो मोबदलाच नाही. मग तखारुज कुठे झालं?

आणखी एक सांगून ठेवते. बाप जिवंत असतानाच मुलींकडून "मला काही नको" असं लिहून घ्यायची पद्धत काही घरांत आहे. इस्लामी कायद्यात जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडता येत नाही. पण बहिणींनो, सावध राहा. गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की असं सोडताना काही मोबदला घेतला असेल आणि तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने व्यवहार केले असतील, तर पुढे हक्क मागताना अडचण येऊ शकते. तेव्हा कोऱ्या कागदावर नाही, लिहिलेल्या कागदावर नाही, आणि "फक्त बँकेच्या कामासाठी" तर मुळीच नाही.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात जहरी. "माहेर पाहिजे की जमीन?" यात बाईला जे विकलं जातं ते माहेर. आजारपणात दोन दिवस राहायची सोय, ईदला एक साडी, मुलीच्या लग्नात मामाचा हात. हे सगळं एका एकराला. आणि बाई ते घेते, कारण नवऱ्याने उद्या हाकललं तर जायला दार पाहिजे. तिची ही भीती भावाला माहीत असते. "तिने खुशीने दिलं" असं जे सांगितलं जातं त्यातली खुशी ही आहे. ज्या दिवशी तिचा वाटा तिच्या नावावर सातबाऱ्यावर चढेल, फेरफार मंजूर होऊन उतारा तिच्या हातात येईल, आणि त्यानंतर ती म्हणेल की भाऊ अडचणीत आहे, मी त्याला देते, त्या दिवशी ती खुशी मी मानीन. आधी द्या, मग मागा.

आता कायद्याकडे. १९३७ चा शरियत अर्ज कायदा आपल्याकडे फार अभिमानाने सांगितला जातो. त्यात मुसलमानांच्या वारशाला शरियत लागू केली आणि स्त्रियांना डावलणाऱ्या रूढी बाजूला सारल्या. पण कलम २ वाचा. शेतजमिनीचे प्रश्न वगळून, असं तिथे स्पष्ट आहे. शेती प्रांतांच्या अखत्यारीत होती हे खरं, आणि जमीनदारांना ते सोयीचं होतं हेही खरं. मद्रासने १९४९ मध्ये दुरुस्ती करून ती फट बुजवली. खेड्यातल्या मुसलमानाकडे शेतजमिनीशिवाय दुसरं असतं काय? शरियत बचावच्या सभा मी लहानपणापासून ऐकते आहे, त्यातल्या एकाही सभेत "कलम २ मध्ये शेतजमीन घाला" ही मागणी मी ऐकलेली नाही. २०१८ मध्ये तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध महाराष्ट्रात हजारो बायकांना रस्त्यावर आणलं, मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत नेलं. त्या बायकांच्या हातात शरियत आम्हाला प्यारी आहे असे फलक होते. त्यांतल्या किती जणींना शरियतने सांगितलेला वाटा मिळाला होता, एवढं विचारलं तर मी समाजद्रोही होते.

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की आमचे पुढारी म्हणतात, इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला संपत्तीचा हक्क दिला. दिला. तुम्ही दिलात का? इस्लामने दिलेला हक्क स्वतःच्या घरात अडवून ठेवायचा आणि बाहेर व्यासपीठावर त्याचीच जाहिरात करायची, याला आमच्याकडे मुनाफिकी म्हणतात. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढलं तेव्हा त्यांना धर्मबुडवा म्हटलं गेलं. दलवाईंशी माझे मतभेद आहेत, धर्माकडे बघण्याची आमची नजर एक नाही. पण धर्म कोण बुडवतो? प्रश्न विचारणारा, की बहिणीचा एकर नावावर करून हजला जाणारा?

नवऱ्यांनाही सोडायचं कारण नाही. भावाने हिसकावलं नाही तर नवरा घेतो. बायकोचे दागिने बँकेत तारण ठेवून ट्रॅक्टर घेतला, दुकान टाकलं, आणि सोडवायचं राहून गेलं. १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याने बायकोची मालमत्ता परस्पर विकणं किंवा तिला तिच्या मालमत्तेवर हक्क चालवू न देणं याला क्रूरता म्हटलंय, त्यावर तिला विवाह मोडून मागता येतो. १९८६ च्या कायद्यात, जो शाहबानो निकालानंतर आला आणि ज्यावर आम्ही सगळ्यांनी पुष्कळ भांडून घेतलं, त्यातही लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर नातलगांनी, मित्रांनी, नवऱ्याने दिलेल्या सर्व वस्तू घटस्फोटितेच्या आहेत असं कलम ३ मध्ये आहे. जकातीच्या वेळी मात्र गंमत होते. आपल्या हनफी मतात अंगावरच्या सोन्यावरही जकात आहे, साडेसात तोळ्यांच्या वर. कोकणातल्या आमच्या शाफई भावंडांकडे वापरातल्या दागिन्यांवर नाही. रमजानमध्ये नवरा म्हणतो, सोनं तुझं आहे, जकात तू दे. बकरी ईदनंतर तारण ठेवताना म्हणतो, आपलंच आहे की. हिरे, मोती आणि प्लॅटिनमवर वैयक्तिक वापरासाठी जकात नाही, म्हणून तेवढा एक वाद त्या अंगठीने वाचवला.

आता हिंदू वाचकांकडे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. देशभरात तो २००५ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही मिटवल्या. तुमच्या मुलीला तर समान वाटा आहे, आमच्यासारखा अर्धा नाही. मग हक्कसोडपत्राच्या रांगेत मला साड्या, बुरखे आणि पंजाबी ड्रेस एकाच बाकावर बसलेले का दिसतात? त्या बाकावर मी एकदा दोन तास बसले होते. शेजारच्या बाईला भावाने पैठणी घेतली होती. तासगावकडची द्राक्षबाग होती म्हणे. आम्ही दोघी हसलो, दुसरं काय करणार. राज्यघटना, शरियत, हिंदू वारसा कायदा, तिन्ही त्या बाकापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात.

सोनं तोलण्यात आमच्या या भागाचा हात कुणी धरू शकत नाही. सांगलीत गणेश नारायण गाडगीळांनी १८३२ साली सराफी सुरू केली ती पेढी आज जगभर गेली. विट्याचा गलाईवाला डोळ्यांनी बघून सोन्याचा कस सांगतो. आता तर हॉलमार्कशिवाय सोनं विकता येत नाही, प्रत्येक नगावर सहा अक्षरांचा क्रमांक असतो. एवढी तोलाची सवय असलेल्या मुलखात बहिणीचा वाटा मात्र अंदाजाने, मनाने, "समजून उमजून" द्यायचा असतो.

मी एका मौलानांना फोन केला होता. भले माणूस आहेत, अभ्यास आहे. म्हटलं, जुम्म्याच्या खुतब्यात निसाच्या अकरा ते चौदा आयतींवर एकदा बोला ना, अर्थासकट, मराठीत. ते म्हणाले, बोलायला हरकत नाही, पण मशिदीच्या कमिटीत सगळे जमीनवालेच आहेत. मी म्हटलं, म्हणूनच. ते म्हणाले, रमजाननंतर बघू. रमजान होऊन गेला.

माझी मागणी लहान आहे. मय्यत झाली की जमातीच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. त्याच पानावर वारसांची नावं आणि प्रत्येकाचा वाटा लिहा, मुलींसकट, आणि चाळिसाव्याच्या दिवशी पुरुषांच्या आणि बायकांच्या दोन्ही खोल्यांत वाचून दाखवा. एवढ्याने जमीन मिळणार नाही, मला माहीत आहे. पण "आम्हाला ठाऊक नव्हतं" हे कुणाला म्हणता येणार नाही, आणि बहिणीला आपला आकडा तरी ऐकू येईल.

कराडच्या त्या घरातल्या थोरल्या बहिणीचा दस्त झालेला आहे, तो रद्द करायचा तर दिवाणी न्यायालयात जावं लागेल आणि तिचा नवरा म्हणतो की नको. अंगठी तिने परत दिलेली नाही. भाऊ दोनदा येऊन गेला. तिने सांगितलं की त्यात तुझा अर्धा आहे, धाकटीचा पाव आहे आणि माझा पाव. मुंबईहून किंमत काढून आण, पैसे तसेच वाटू. त्यानंतर तो आलेला नाही. धाकटीने सही केली नाही. फेरफाराची नोटीस आली तेव्हा मुदतीत तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज दिला, मजकूर तिच्या बारावीतल्या मुलीने लिहिला. प्रकरण आता मंडळ अधिकाऱ्यांकडे आहे. या ईदला तिला माहेरहून बोलावणं आलं नाही. ती मशीनवर बसून गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते आणि सुनावणीच्या तारखेची वाट बघते.